कवडू रंगाऱ्याची काळी बाटली

कवडू रंगारी रागीट होता असं त्याच्या ओळखीचं कोणीच म्हणालं नसतं. रागीट माणूस ओरडतो, भांडी आपटतो आणि संध्याकाळपर्यंत सगळं विसरतो. कवडूने उभ्या जन्मात एक काचेची नळी आपटली नाही. त्याने एका माणसावर डूख धरला आणि तो अकरा वर्षं जपला. एकच बाटली चार वेळा घासूनही ज्याचं समाधान होत नसे, अशा माणसाने जपावा तसाच जपला.

त्या माणसाचं नाव महादेवराव. धंतोलीत बंगला, अंगावर बंद गळ्याचा कोट, कपाळाला आठी. नागपूरच्या एका कॉलेजात ते रसायन शिकवत आणि कवडू त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकर होता. बाटल्या धुणं, दिवे पेटवणं, पदार्थ गाळणं, वाळवणं हे त्याचं काम. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात त्या प्रयोगशाळेत जे काही स्वच्छ, कोरडं आणि वेळेवर होत असे ते कवडूच्या हातून होई, आणि हे महादेवरावांनाही पक्कं ठाऊक होतं.

कवडू मूळचा सावनेरचा. त्याच्या आधीची दोन भावंडं गेली, म्हणून जन्मल्याबरोबर सुईणीला देऊन एका कवडीला परत विकत घेतलेला, म्हणून कवडू. बाप जातिवंत रंगारी. आल नावाच्या झाडाच्या मुळ्या कुटून तो लुगड्यांना असा लाल रंग द्यायचा की लुगडं फाटे पण रंग उतरत नसे. पुढे जर्मनीचे रंगाचे पुडे बाजारात आले आणि आलीच्या मुळ्यांना कोणी विचारेना. बापाने निळीचे रांजण तेवढे ठेवले, आणि पोराला नागपूरला नोकरीला लावून दिलं. जाताना म्हणाला, "कुठंबी जाय, पन हात राख. रंगाऱ्याचं समदं हातात रायते."

तो हात एका मुशीवरून बदनाम झाला.

मूस म्हणजे पदार्थ जाळून पाहायची वाटी. चिनी मातीच्या मुशी कॉलेजात ढिगाने होत्या. प्लॅटिनमची मात्र एकच, विलायतेहून आलेली, अंगठ्याएवढी. ती प्रिन्सिपलसाहेबांच्या कपाटात मखमलीच्या डबीत झोपायची आणि नव्या नवरीसारखी क्वचित बाहेर यायची. प्लॅटिनमच्या मुशीत शिसं तापवायचं नाही, शिसं प्लॅटिनमला खातं, हे रसायनाच्या पहिल्याच वर्षी सांगतात. सांगत कोण होतं? महादेवराव. आणि १९३१ च्या उन्हाळ्यात, सुट्टी लागायच्या घाईत, शिशाचा साका, म्हणजे तळाशी बसलेला गाळ, त्या मुशीत कोणी घातला? तेही महादेवरावांनीच.

कवडू शेजारीच उभा होता. तो म्हणालाही, "साहेब, ह्याच्यात शिसं हाय ना? मातीची मूस देऊ का?"

"तू बाटल्या धू," महादेवराव म्हणाले.

अर्ध्या तासाने मुशीच्या बुडाला वाटाण्याएवढं भोक पडलं. प्रिन्सिपलसाहेबांनी दोघांना बोलावलं. महादेवराव डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले, "मी वर्गावर होतो सर. कवडूने परस्पर तापवली." कवडूने तोंड उघडलं, तर साहेबांनी हात वर केला. नोकराला तोंड असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात कवडूला तराजूच्या खोलीची किल्ली मिळायची होती. काचेच्या पेट्यांत ठेवलेले, केस टाकला तरी झुकणारे ते तराजू सांभाळणं म्हणजे त्या प्रयोगशाळेतला सगळ्यात मानाचा विश्वास. किल्ली गेली ती गेलीच, वर हुकूम निघाला की कवडूने त्या खोलीचा उंबरठा ओलांडायचा नाही. मुशीची बातमी सावनेरपर्यंत पोचली. बापाने सगळं ऐकून घेतलं. पोरगा खोटं बोलणार नाही हे त्याला कळत होतं, पण कॉलेजातला शिकलेला साहेब खोटं बोलेल हे त्याच्या डोक्यात शिरेना. शेवटी एवढंच म्हणाला, "हात चुकला असंन तुहा. व्हते कधी कधी." आणि त्याच सालच्या थंडीत तो गेला, पोराचा हात चुकला असं धरूनच गेला.

इथून पुढे कवडूला दुसरं काही नको होतं. मूस मी फोडली, असं महादेवरावांनी चार माणसांत स्वतःच्या तोंडाने म्हणावं. ते म्हणणार नसतील, तर त्यांची जन्माची कमाई त्यांच्या डोळ्यांसमोर पाण्यात जावी. या दोन्हींपैकी एक झाल्याशिवाय नोकरी सोडायची नाही असं त्याने ठरवलं, आणि बाटल्या धुवायला लागला. तब्बल सहा वर्षं धूत होता.

१९३७ साली महादेवरावांना डॉक्टर व्हायची हुक्की आली. विषय त्यांनी घेतला शिफ बेस आणि धातूंचे संयुग. ऐकायला अवघड, पण कवडूच्या नजरेने पाहिलं तर सोपं. सॅलिसिलाल्डिहाइड नावाचं एक कडवट वासाचं तेल असतं. त्यात डायअमिन नावाचं एक धुरकटणारं द्रव्य घातलं की हळदीसारखे पिवळेधमक स्फटिक पडतात. हा शिफ बेस. शिफ नावाच्या माणसाने अशी द्रव्यं पहिल्यांदा केली म्हणून ते नाव. हे पिवळं द्रव्य धातूला चार ठिकाणी घट्ट पकडून बसतं, आणि असं पकडणाऱ्या द्रव्याला लिगंड म्हणतात. तांबं दिलं तर हिरवं होतं, निकेल दिलं तर नारिंगी तांबडं.

महादेवराव हे पुस्तकातून शिकले. कवडूला ते पाहताक्षणी ओळखीचं वाटलं. आलीचा रंग तुरटीत भिजवलेल्या कापडावर लाल चढायचा आणि हिराकसात, म्हणजे लोखंडाच्या क्षारात, भिजवलेल्यावर काळपट. रंग तोच, खालचा धातू बदलला की रूप बदललं. बापाने आयुष्यभर हेच तर केलं होतं.

पण ही कामं करायला हात लागतो. महादेवरावांच्या हातून तेल जळायचं, पिवळे स्फटिक चिकट व्हायचे. तीन महिने त्यांनी स्वतः करून पाहिलं आणि मग एके दिवशी काहीच घडलं नव्हतं अशा थाटात म्हणाले, "कवडू, उद्यापासून तू माझ्या टेबलाशी."

"जी साहेब," कवडू म्हणाला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही.

तेव्हापासून सगळं कवडू करायचा. मोजून वजन करायची वेळ आली की छोटी बाटली घेऊन तराजूच्या खोलीपर्यंत जायचं आणि दारात उभं राहायचं. आतून महादेवराव हात लांब करायचे. हुकूम देणारे प्रिन्सिपलसाहेब कधीच विलायतेला परत गेले होते, पण हुकूम तिथेच होता. महादेवरावांनी एका शब्दाने तो काढला असता. त्यांच्या मनातही आलं नाही.

तांबं झालं, निकेल झालं. मग कोबाल्ट आलं आणि घोडं अडलं. कोबाल्टचं जे पडायचं ते गढूळ, घट्ट, कशातच न विरघळणारं. कवडूने कपाटातली एकेक बाटली लावून पाहिली. शेवटी पिरिडिनमध्ये ते विरघळलं. पिरिडिनचा वास म्हणजे सडलेल्या मासळीची आठवण. पण थंड झाल्यावर त्यातून काय सुरेख स्फटिक पडले! महादेवरावांनी नाकाला रुमाल लावला आणि ओरडले, "ही घाण आधी घालव, मग माझ्या टेबलावर आण." आणि वहीत लिहिलं: 'शुद्ध केले.' कसं शुद्ध केलं हे त्यांनी विचारलं नाही. नोकराने काय केलं ते कशाला लिहायचं?

कवडूने घाण घालवली. स्फटिक एका नळीत घालून ती नळी तेलाच्या कढईत ठेवली, नळाच्या पाण्यावर चालणारा पंप जोडून आतली हवा ओढत राहिला, आणि अख्खा दिवस मंद आचेवर पिरिडिनचा वास निघून जाईपर्यंत बसून राहिला. आच वाढवायचा मोह त्याने आवरला. बाप म्हणायचा, "कापडाचं अंग मोकळं झाल्याबिगर ते रंग पेत नाई, अन् अंग मोकळं व्हाले टाइम लागते." संध्याकाळी नळीत सुटी, ठिसूळ, लालसर तपकिरी भुकटी उरली.

चिमूटभर भुकटी कागदावर सांडली होती. दुसऱ्या दिवशी जेवून येऊन कवडू पाहतो तर ती काळी. त्याने कागद दिव्यावर लांबून धरला, आणि भुकटी पुन्हा तपकिरी झाली. खाली ठेवला, तासाभराने काळी. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. निळीच्या रांजणातून काढलेलं कापड आधी हिरवट असतं आणि हवा लागली की निळं होतं. बाप त्याला कापडाला वारा पाजणं म्हणायचा. ही भुकटी वारा पीत होती. आणि निळीला जमत नाही ते तिला जमत होतं, ऊब दिली की प्यायलेलं परत देत होती.

त्या क्षणी कवडू डूख विसरला, मूस विसरला, आणि कागद हातात घेऊन तराजूच्या खोलीकडे धावला. असं काही पाहिलं की कोणाला तरी दाखवावंसं वाटतंच. दारात पोचला तर आत महादेवराव वजनं मांडत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"उंबरठ्याबाहेर थांब," ते म्हणाले.

कवडू थांबला. कागदाची पुडी केली, खिशात घातली आणि विचारलं, "चहा आनू का साहेब?"

त्या दिवाळीला सुट्टीत एक बाटली झाकणाविना राहिली. राहिली म्हणजे कवडूने ठेवली. सुट्टी संपवून महादेवराव आले, काळी भुकटी पाहिली, वजन घेतलं, कोबाल्टचं प्रमाण काढलं तर ते तपकिरीपेक्षा कमी. भुकटीत हवा भरली होती, कमी निघणारच! महादेवरावांनी मात्र टेबलावर थाप मारली. नवं संयुग! एकाच कृतीतून दोन निरनिराळे पदार्थ, एक तपकिरी, एक काळा! जगात कोणी केलं नसेल!

"दोन हायेत का साहेब?" कवडूने विचारलं.

"डोळे फुटले का तुझे? एक काळं, एक तपकिरी."

"हो ना जी. दोनच दिसून राहिले."

पुढचं वर्षभर त्याने ती चूक दूध पाजून वाढवली. तपकिरी बाटली दर वेळी ऊब देऊन, मेण लावून बंद ठेवायची. काळी उघडी ठेवायची. वजनाच्या वेळी दोन्ही नेऊन दारात द्यायच्या. आकडे प्रत्येक वेळी जसेच्या तसे यायचे, कारण नमुने देणारा हात कवडूचा होता. महादेवरावांचा उत्साह ओसंडून वाहत होता. प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण त्यांनी या दोन संयुगांवर लिहिलं, दोघांच्या रचनेच्या आकृत्या काढल्या, आणि भेटेल त्याला सांगत सुटले.

घरी कवडूची बायको रंभाबाई सगळं ऐकून होती. बाई स्पष्ट बोलायची. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "काहून सांगत नाई तुमी त्याले? चुकून राहिला तर चुकून राहिला म्हना."

"म्या मुशीच्या वक्ती सांगतलं होतं वं. काय म्हने? बाटल्या धू."

"अन् मंग?"

"मंग धुवून राहिलो ना बाटल्या," कवडू म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी हसला. रंभाबाईला ते हसणं आवडलं नाही.

१९४० च्या सुरुवातीला परीक्षक आले, कलकत्त्याहून. म्हातारे, बारीक डोळ्यांचे, मितभाषी. नवे प्रिन्सिपल, कॉलेजातले सगळे अध्यापक, दोन-चार बाहेरची प्रतिष्ठित माणसं असे लोक प्रयोगशाळेत जमले. टेबलावर बाटल्या मांडल्या होत्या: हिरवी, नारिंगी, तपकिरी, काळी. कवडू धुतलेला सदरा घालून मागे उभा होता. महादेवरावांनी सगळं सांगितलं आणि शेवटी आवाज चढवून दोन्ही कोबाल्ट संयुगं पुढे केली.

"ही दोन्ही वेगळी, याची खात्री कशावरून?" परीक्षकांनी विचारलं.

"आकडे आहेत सर. बारा वेळा घेतलेत."

कवडू पुढे झाला. ह्याच घटकेसाठी त्याने वर्षभर तोंड मिटून ठेवलं होतं. त्याने काळी भुकटी परीक्षानळीत ओतली, नळी दिव्यावर धरली, दुसऱ्या हाताने एक काडी पेटवून विझवली आणि तिचं निखाऱ्यासारखं टोक नळीच्या तोंडाशी नेलं. आतून प्राणवायू सुटत होता, काडी भक्कन पेटली. नळीतली काळी भुकटी सगळ्यांच्या देखत तपकिरी झाली. कवडूने ती तपकिरी बाटलीशेजारी धरली.

"दोन नाईत जी," तो म्हणाला. "एकच हाय. हवा पेते तं काळं व्हते, ऊब देली की सोडते. साहेबाच्या वहीत चुकीचं लिवलं हाय."

महादेवरावांच्या तोंडचं पाणी पळालं, कपाळावर घाम आला. हे पाहायला कवडू नऊ वर्षं जगला होता, आणि त्याने ते पोटभर पाहून घेतलं.

पण परीक्षक खुर्चीवरून उठले होते. त्यांनी ती नळी कवडूच्या हातून जवळजवळ हिसकावली. "जपानात कोणीतरी असंच पाहिल्याचं दोन वर्षांपूर्वी छापून आलं होतं," ते म्हणाले. "मला खरं वाटलं नव्हतं. इथे, नागपुरात, कोणी करून दाखवलं हे? अहो, दोन संयुगांपेक्षा ही फार मोठी गोष्ट आहे!"

महादेवराव माणूस म्हणून कसेही असोत, पण हुशार होते. त्यांना सावरायला एक क्षण लागला.

"मीच त्याला ते करून दाखवायला सांगितलं होतं सर," ते म्हणाले. "ते प्रकरण आता नव्याने लिहितोच आहे."

झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. परीक्षकांनी महादेवरावांचा हात हातात घेतला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि कवडू विझलेली काडी हातात धरून तिथेच उभा राहिला. निघताना महादेवरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास कवडू," ते म्हणाले. ही थाप मुशीपेक्षा जास्त जिव्हारी लागली. मूस फोडून कवडूचं नाव घालवलं होतं, आता आयत्या बिळावर नागोबा होऊन महादेवराव बसले होते, आणि बीळ कवडूने स्वतःच्या हाताने खणून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने त्या भुकटीचा कण न कण मोरीत ओतून दिला. एक छोटी बाटली तेवढी धोतराच्या सोग्यात बांधली. बाकी सगळी काचेची भांडी लख्ख धुऊन, पुसून, उलटी मांडली, नोकरी सोडली आणि जुन्या मंगळवारी वस्तीतल्या आपल्या घराच्या मागच्या अंगणात बापाचे निळीचे रांजण आणून पुरले.

महादेवराव डॉक्टर झाले. सत्कार झाला, हार पडले. मग लोक यायला लागले. ते भुकटी दाखवा म्हणायचे. महादेवरावांनी वही उघडली आणि वहीत जसं लिहिलं होतं तसं केलं. जे पडलं ते घट्ट आणि गढूळ होतं आणि त्याचं हवेशी काही देणंघेणं नव्हतं. पुन्हा केलं. दहा वेळा केलं. 'शुद्ध केले' या दोन शब्दांत कवडूचा पिरिडिन, तेलाची कढई आणि अख्खा दिवस बुडाला होता, आणि तो वहीतून वर येईना. तेवढ्यात लढाई हिंदुस्थानच्या दारापर्यंत आली. सरकारला प्राणवायूची गरज भासू लागली, आणि हवेतून तो वेगळा करणारी भुकटी नागपुरात कोणीतरी केली आहे हे कोणाच्या तरी कानावर गेलं. दिल्लीहून पत्र आलं: महिन्याभरात माणसं पाठवतो, करून दाखवा. नागपूर सोडून मोठ्या जागेवर जायची संधी त्या पत्रात होती, आणि न जमल्यास सगळ्यांसमोर शोभा.

१९४२ च्या थंडीत, भर दुपारी, महादेवराव जुन्या मंगळवारीत येऊन दारात उभे राहिले. कोट तोच, पण गळ्याशी सैल झालेला. अंगणात ओली निळी लुगडी वाळत होती. कवडू कोपरापर्यंत निळा होता.

ते पाय आत टाकणार तोच कवडू म्हणाला, "उंबरठ्याबाहेर थांबा साहेब. अंदर रंग सांडला हाय, जोडे खराब व्हतीन."

महादेवराव थांबले. त्या शब्दांत काही ओळखीचं त्यांना वाटलं नाही. ते सरळ कामावर आले. "कवडू, परत चल. तराजूची खोली तुझ्या ताब्यात देतो. किल्ली आणलीये, ही बघ. माझ्या अहवालात तुझं नावही घालीन. फक्त ते कसं केलं होतंस एवढं दाखव."

रंभाबाई चुलीपुढून उठून दारात आली. किल्ली पितळेची होती. कवडूने तिच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांपूर्वी या किल्लीसाठी तो रात्रंदिवस झुरला होता, खोटं कशाला सांगायचं, आत्ताही त्याचा हात शिवशिवला.

"एक सांगा साहेब," तो म्हणाला. "मूस कोनं फोडली?"

"कोणती मूस?"

कवडू त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. तो माणूस ढोंग करत नव्हता. ढोंग कवडूला अकरा वर्षांत पाठ झालं होतं. हा खरोखर आठवून पाहत होता, कपाळाला आठ्या घालून, एखाद्या विद्यार्थ्याचं नाव आठवावं तसा.

"प्लॅटिनमची," कवडू म्हणाला.

"अरे हो! ती होय. ती माझ्याकडूनच गेली की. शिसं होतं त्यात. अरे, किती वर्षं झाली त्याला. मी तर विसरूनच गेलो होतो." आणि ते चक्क हसले. "हवं तर तेही लिहून देतो. आता चल."

ज्या वाक्यासाठी जन्म काढला ते असं मिळालं, पानसुपारीसारखं हातावर ठेवलेलं. चार माणसं नव्हती. प्रिन्सिपलसाहेब विलायतेला होते, बाप नव्हता. ऐकायला होती रंभाबाई आणि दोरीवरची लुगडी. कवडूने ओला हात धोतराला पुसला, तरी तो निळाच राहिला.

"नाई दाखवत," तो म्हणाला.

"काय म्हणतोस? कबूल केलं ना मी!"

"तुमी विसरले होते साहेब. म्या अकरा सालं मुशीचा घास गियला, माहा बाप तेच मनात धरून मेला, अन् तुमी विसरले होते. आता नाई विसरनार. जो येईन तो म्हनंन, भुकटी दाखवा. तुमी दिव्यावर धरसान, ते काई बदलनार नाई, अन् दरवक्ती तुमाले मूस याद येईन. जा आता."

महादेवराव चिडले, मग विनवण्या केल्या, मग रंभाबाईकडे वळले. रंभाबाई आत निघून गेली. किल्ली मुठीत धरून ते परत गेले. दिल्लीची माणसं आली तेव्हा भुकटी बदलली नाही, आणि मोठी जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. कॉलेजच्या काचेच्या कपाटात 'हवा शोषणारे संयुग' अशी चिठ्ठी लावलेली एक काळी बाटली पुढे पुष्कळ वर्षं होती. पाहुणे आले की महादेवराव नजर चुकवून सांगायचे, "हा नमुना आता जुना झालाय." ती बाटली खरी नव्हतीच. आत काजळी होती असं लोक म्हणत.

त्या दुपारी रंभाबाईने कवडूला वाढलं आणि म्हणाली, "सांगून टाकलं असतं तं किल्ली भेटली असती. तुमाले ते काम आवडत होतं."

"आवडत होतं," कवडू म्हणाला.

खरी बाटली घराच्या भिंतीतल्या देवळीत होती. कधीमधी, काम नसलं की, कवडू ती खाली काढायचा, काळी भुकटी नळीत घालून चुलीच्या धगीला धरायचा, ती तपकिरी होताना पाहायचा आणि मग उघडी ठेवून वारा पाजायचा. पण ती भुकटीही कायमची नव्हती. दर खेपेला थोडी कमी बदलायची, थोडी कमी प्यायची. चार-पाच वर्षांनी एके दिवशी त्याने ती बराच वेळ धगीवर धरली आणि ती तशीच काळी राहिली. दुसरी करायची कृती फक्त त्याच्या हातात होती. सामान कॉलेजात होतं, आणि तिथे जायचे दोर त्याने स्वतःच कापले होते.

त्याने ती भुकटी चुलीच्या राखेत ओतली. मग अंगणात गेला, निळीच्या रांजणात कोपरापर्यंत हात घातला आणि लुगडं शोधता शोधता मोठ्याने म्हणाला, "बा, हात चुकला नोयता माहा."

रंभाबाईने दारातून ऐकलं. "कोनाशी बोलून राहिले?" तिने विचारलं.

कवडूने लुगडं वर काढलं, पिळलं आणि दोरीवर टाकलं. ते अजून हिरवं होतं.